इस्नोफिल वाढले म्हणून ॲलर्जीची इंजेक्शनं बंद करायची का?

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा १४ वर्षांचा. लहानपणापासून शिंका, नाक गळणं, आणि गेली काही वर्षं दमा. त्वचेवरच्या चाचणीत धुळीतल्या माइट किड्याची ॲलर्जी निघाली आणि आठ महिन्यांपासून बेळगावात ॲलर्जीची इंजेक्शनं चालू आहेत. सुरुवातीला रक्तातले इओसिनोफिल (ज्याला आपल्याकडे इस्नोफिल म्हणतात, ती एक प्रकारची पांढरी पेशी) ६२४ होते, आता ९१२ आलेत. आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रतिपिंड, ७८० होता, आता ११४० आहे. मुलगा बरा दिसतो, पण आकडे चढले म्हणून घरातली मोठी माणसं म्हणतात, "औषध लागू पडंना, बंद करा." शिवाय कुणीतरी मुंबईला रक्त पाठवून बेसोफिलची टेस्ट करून घ्या असं सुचवलंय. उपचाराचा गुण येतोय की नाही, हे रक्तावरून कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलंय.

आधी उत्तर देतो. या दोन आकड्यांवरून इंजेक्शनं बंद करू नका. बेसोफिलची टेस्ट तुमच्या मुलाला आज लागत नाही. मात्र ९१२ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही, कारण तो बहुधा वेगळंच काहीतरी सांगतोय. ते खाली येईलच.

तुमच्या पत्रातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. गेल्या पावसाळ्यात मुलाची शाळा बरीच बुडली, रात्री उठून वाफ द्यावी लागायची. यंदाच्या पावसाळ्यात एकदाच वाफ लागली आणि धाप लागल्यावर ओढायचा निळा पंप कपाटातच पडून असतो. ॲलर्जीच्या उपचाराचं मोजमाप ते हेच. पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशी केलीत, हेही बरोबर केलंत. खानापूरच्या पावसात भिंतींना ओल धरते, माइट आणि बुरशी दोन्ही फोफावतात. त्या दिवसांची तुलना मार्च-एप्रिलशी केली तर कुठलंही औषध निकामी वाटेल. या सुधारणेत रोजच्या प्रतिबंधक पंपाचाही वाटा असणार, सगळं श्रेय इंजेक्शनांचं नाही, हे ध्यानात ठेवा आणि तो पंप स्वतःहून कमी करू नका.

आता रिपोर्ट. तुम्ही दोन्हींचे फोटो पाठवलेत ते फार बरं झालं, कारण नुसता इओसिनोफिलचा आकडा कळवला असता तर मलाही नीट सांगता आलं नसतं.

पहिल्या रिपोर्टात एकूण पांढऱ्या पेशी १०,४००, त्यात न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ७८ टक्के आणि इओसिनोफिल ६ टक्के. दहा हजार चारशेचे सहा टक्के म्हणजे ६२४. हा गुणाकार प्रत्येकाने स्वतः करून बघावा, कारण पुष्कळ रिपोर्टांत नुसती टक्केवारी असते आणि तिच्यावरूनच "इस्नोफिलिया झालाय" असं ठरवलं जातं. साधारण ५०० पर्यंतचा आकडा चालतो. पण तुम्हीच लिहिलंय की त्याआधी दम्याचा जोर वाढला होता, पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रक्त काढलं. स्टेरॉइड पोटात गेलं की काही तासांत इओसिनोफिल रक्तातून उतरतात आणि न्यूट्रोफिल चढतात. रिपोर्टातले ते ७८ टक्के न्यूट्रोफिल स्टेरॉइडचीच साक्ष देतात. त्यात सकाळची उशिराची वेळ. आपल्या शरीरातलं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, सकाळी जास्त असतं, त्यामुळे इओसिनोफिल दिवसाच्या त्या वेळेला कमी भरतात आणि रात्री वाढतात. म्हणजे ६२४ हा मुलाचा खरा मूळ आकडा नव्हताच, तो दाबला गेलेला आकडा होता.

दुसरा रिपोर्ट गावाजवळच्या लॅबमधला, संध्याकाळी सहाचा, आणि अलीकडे स्टेरॉइडची गोळी नाही. एकूण पेशी ७,६००, इओसिनोफिल १२ टक्के, म्हणून ९१२. या दोन रिपोर्टांत वेळ वेगळी, लॅब वेगळी, औषधाची स्थिती वेगळी. त्यांची वजाबाकी करून "२८८ ने वाढले" म्हणण्यात काही अर्थ नाही.

शिवाय दुसऱ्या लॅबमध्ये मोजणी हाताने झालेली दिसते. हे काम कसं चालतं ते सांगतो. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पातळ ओढायचा, वाळवायचा, लेशमन रंग टाकायचा, धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. इओसिनोफिल ओळखायला सोपा असतो. दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि आत खच्चून भरलेले नारिंगी-लाल दाणे. इओसिन नावाचा रंग हे दाणे धरून ठेवतात म्हणून १८७९ मध्ये पॉल एर्लिख यांनी या पेशीला हे नाव दिलं. तंत्रज्ञ एकेक पांढरी पेशी बघत बोटाखालचं काउंटर दाबत जातो आणि शंभर पेशी झाल्या की थांबतो. त्या शंभरांत बारा इओसिनोफिल सापडले तर खरं प्रमाण साधारण ६ पासून २० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. यात तंत्रज्ञाचा दोष नाही. फक्त शंभर मोजले की एवढी अनिश्चितता गणितातच येते. म्हणजे तुमचं ९१२ हे प्रत्यक्षात पाचशे ते पंधराशेमधलं काहीही असेल. यंत्र हजारो पेशी मोजतं, तिथे हा फरक पुष्कळ कमी होतो. दोनशे पेशी मोजून द्या अशी विनंती केली तर चांगली लॅब तेही करते.

तरीही मी म्हटलं की ९१२ कडे दुर्लक्ष नको. त्याचं कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे: जुलैमध्ये मुलगा आजोबांबरोबर रोप लावायला शेतात होता आणि नंतर काही दिवस तळपाय खाजत होते. चिखलात अनवाणी उभं राहिलं की हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्या पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुफ्फुसात जातात, तिथून घशात येऊन गिळल्या जातात आणि आतड्यात ठाण मांडतात. या प्रवासात इओसिनोफिल हमखास वाढतात आणि काही दिवस कोरडा खोकलाही येतो. जंतामुळे आयजीईही चढतो. म्हणजे तुमचे दोन्ही वाढलेले आकडे एकट्या जंताने समजावता येतात, आणि इंजेक्शनांशी त्याचा काडीचा संबंध नसू शकतो. भातशेतीच्या या पट्ट्यात, पावसाळ्यानंतर, मला हीच शक्यता पहिली वाटते.

तेव्हा वेगवेगळ्या तीन दिवशी संडासची तपासणी करून घ्या. एकाच नमुन्यात अंडी सुटून जातात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत जंताची अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती त्याने यंदा घेतली का, की त्या दिवशी तो शाळेतच नव्हता, हे विचारा. गोळी घेतली असली तरी निर्धास्त राहू नका, कारण स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत एका गोळीने जात नाही, त्याला आयव्हरमेक्टिन लागतं. हा जंत अंगात असताना कुणी जास्त दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर तो शरीरभर पसरून जिवावर बेतू शकतं. दम्याच्या पेशंटला स्टेरॉइडच्या गोळ्या केव्हा लागतील सांगता येत नाही, म्हणून हे आत्ताच निस्तरलेलं बरं. जंताचं औषध दिल्यावर इओसिनोफिल थोडे दिवस उलट आणखी वाढतात. त्यामुळे पंधरा दिवसांत परत रक्त तपासून घाबरू नका. दीड-दोन महिने जाऊ द्या.

इस्नोफिल वाढले की तीन आठवड्यांचं हेट्राझान लिहून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ते औषध हत्तीपायाच्या कृमीमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारावर आहे. त्या आजारात रात्रीचा खोकला असतो आणि इओसिनोफिल बहुतेक वेळा ३,००० च्या वर असतात. बिदर, कलबुर्गीकडे राहून आलेल्या माणसात मी ते मनात ठेवतो. ९१२ आणि शिंका यांच्यासाठी ते देऊ नये.

आयजीईबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्याच्या नावाने लोक सगळ्यात जास्त घाबरतात. ॲलर्जीच्या इंजेक्शनांत आपण माइटचाच अर्क वाढत्या मात्रेने देतो. १९११ मध्ये लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क असाच टोचायला सुरुवात केली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. अर्क अंगात गेला की पहिल्या काही महिन्यांत त्या पदार्थाविरुद्धचा आयजीई वाढतो आणि मग वर्षा-वर्षाने सावकाश उतरतो. आठव्या महिन्यात तो वाढलेला दिसणं हे अपेक्षितच आहे. याच काळात आयजीजी-४ नावाचं दुसरं प्रतिपिंड वाढतं. पण ते वाढलं म्हणून माणूस बरा झाला असं नसतं. अर्क शरीरापर्यंत पोचला, एवढंच त्यातून कळतं.

आकडा आणि आराम यांची फारकत आणखी ठळक बघायची तर तीव्र दम्याची नवी इंजेक्शनं बघा. ओमॅलिझुमॅब घेणाऱ्याचा एकूण आयजीई रिपोर्टात वाढलेला दिसतो, कारण औषधाला चिकटलेला आयजीईसुद्धा मोजला जातो. माणूस मात्र सुधारत असतो. ड्युपिलुमॅबने काही जणांचे रक्तातले इओसिनोफिल काही काळ वाढतात, कारण ते ऊतींत शिरायचे थांबतात आणि रक्तातच राहतात. श्वास मात्र मोकळा होत असतो. उलट मेपोलिझुमॅबने इओसिनोफिल भराभर उतरतात, तरी एखाद्याचा दमा तसाच राहतो. आकडा चढला पण पेशंट बरा, आकडा उतरला पण पेशंट तसाच, हे दोन्ही प्रकार डोळ्यांसमोर असताना एका रिपोर्टावर उपचार बंद करणं मला मान्य होण्यासारखं नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो तुमच्या मुलाच्या बाबतीत एकदा तपासून घ्यावा असं मला वाटतं. दमा असलेल्या काही लोकांच्या श्वासनलिकेत ॲस्परजिलस नावाची बुरशी वस्ती करते. त्यांना चिकट, तपकिरी गुठळ्यांचा कफ पडतो, क्ष-किरणात डाग येतात-जातात आणि आयजीई खूप वाढतो. या आजारात एकूण आयजीई हा खरोखरच उपचाराचा मापदंड असतो: आठ आठवड्यांत तो साधारण पाव हिश्शाने उतरला तर औषध लागू पडलं, आणि पुन्हा मोठी उसळी मारली व त्रासही वाढला तर आजार उलटला. दमा आहे आणि आयजीई हजाराच्या वर आहे, तेव्हा ॲस्परजिलसचा विशिष्ट आयजीई एकदा करून घ्या असं तुमच्या डॉक्टरांना विचारा. तो नकारात्मक आला की विषय संपला.

मग इओसिनोफिल मोजायचेच कशाला? उपयोग आहे, पण उपचार सुरू करण्याआधी जास्त. मोठ्या माणसाच्या तीव्र दम्यात कुठलं नवं इंजेक्शन चालेल हे ठरवताना १५० आणि ३०० हे आकडे बघितले जातात. दम्याच्या पेशंटचे इओसिनोफिल सतत जास्त असतील तर पुढे झटका येण्याचा धोका अधिक, हेही खरं. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत किंवा विडीच्या कामात आयुष्य गेलेल्या बाईचा खोकला असेल आणि इओसिनोफिल अगदी कमी असतील, तर ॲलर्जी म्हणून गोळ्या देत बसण्यापेक्षा धुळीने आणि धुराने झालेला फुफ्फुसाचा आजार शोधायला हवा, असा कौल त्यातून मिळतो. आणि आकडा वारंवार १,५०० च्या वर येत असेल, जोडीला वजन घटणं, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, अंगावर जांभळे चट्टे असं काही असेल, तर ते ॲलर्जीच्या नावावर अजिबात खपवू नये. तिथे मोठ्या रुग्णालयात तातडीने तपास हवा.

बेसोफिलच्या टेस्टचं तुम्ही विचारलंय. बेसोफिल ही पांढऱ्या पेशींत एक टक्क्याहूनही कमी असणारी पेशी. तिच्या अंगावर आयजीई बसलेला असतो. जिवंत रक्तात माइटचा अर्क मिसळतात आणि पेशी चिडली का ते, एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्रात बघतात. चिडलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-६३ नावाची खूण उमटते. अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा वापरून पेशी किती थोड्या अर्काला चिडते हेही काढता येतं, आणि इंजेक्शनांनी गुण आलेल्या काही रुग्णांत ही संवेदनशीलता कमी झालेली आढळते. म्हणून कल्पना उत्तम आहे, आणि मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशाची, काही अन्नांची, काही औषधांची ॲलर्जी तपासताना तिचा खरा उपयोगही होतो. पण दर दहा-वीस माणसांत एखाद्याच्या बेसोफिल पेशी या चाचणीत प्रतिसादच देत नाहीत, त्यांचा निकाल वाचताच येत नाही. रक्त जिवंत लागतं, शक्यतो २४ तासांच्या आत तपासावं लागतं. खानापुरातून मुंबईपर्यंत ते नीट पोचवणं सोपं नाही. आणि सगळं जमलं तरी "इतका आकडा आला म्हणजे उपचार यशस्वी" अशी सर्वमान्य रेषा माइटच्या इंजेक्शनांसाठी अजून ठरलेली नाही. निकाल काहीही आला तरी पुढच्या महिन्याचं इंजेक्शन तेच राहणार असेल, तर तो खर्च करू नका.

याच्या जोडीला "एका थेंबात दोनशे पदार्थांची ॲलर्जी" अशा आयजीजी पॅनेलची जाहिरात तुमच्यापर्यंत आलीच असेल. ती टेस्ट ॲलर्जी ओळखतच नाही. आपण जे खातो त्याविरुद्ध आयजीजी असणं स्वाभाविक आहे. त्या कागदावरून दूध, गहू, शेंगदाणे, अंडी बंद केलेली आणि वाढीच्या वयात खंगलेली मुलं माझ्याकडे येतात, आणि ते बघवत नाही. वाढत्या मुलाचं जेवण असल्या रिपोर्टावरून तोडू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मोजायचं काय ते. एक साधी वही करा. दम्याच्या नियंत्रणाची पाच प्रश्नांची चाचणी आहे, बारा वर्षांपासून पुढच्यांना चालते. गेल्या चार आठवड्यांत दम्याने कामात किती अडथळा आला, धाप किती वेळा लागली, रात्री जाग किती वेळा आली, निळा पंप किती वेळा लागला आणि स्वतःला कसं वाटतं. एकूण २५ गुण. २० किंवा जास्त म्हणजे ताब्यात, १९ किंवा कमी म्हणजे नाही. प्रश्न समोर वाचून दाखवा, पण उत्तरं मुलालाच देऊ द्या. आईवडील बहुधा रात्रीचा खोकला ऐकतात आणि खेळताना लागणारी धाप त्यांना दिसत नाही. फुंकर किती जोराची ते मोजणारा पीक फ्लो मीटर घ्या, फार महाग नसतो. सकाळी आणि संध्याकाळी उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. त्याच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आकडा रेंगाळायला लागला तर डॉक्टरांना दाखवा. शिंका, नाक चोंदणं आणि डोळ्यांची खाज यांना रोज शून्य ते तीन गुण द्या आणि त्या दिवशी ॲलर्जीची गोळी लागली का तेही लिहा. गोळ्या कमी होऊनही त्रास वाढला नाही, तर तो इंजेक्शनांचाच गुण समजायला हरकत नाही. वर्षातून एकदा स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी) पुरे.

वाकळीचं काय केलंत ते पत्रात नाही. जुन्या साड्या-धोतरांची वाकळ माइटना फार मानवते, आणि मुलगा तीच डोक्यावरून घेऊन झोपत असेल तर इंजेक्शनांचं निम्मं बळ तिथेच खर्ची पडतं. पंधरवड्याला ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा चार महिने धुता येईल असं पातळ पांघरूण द्या आणि उशी-गादीला घट्ट विणीची, चेनची खोळ घाला.

इंजेक्शनांचा निर्णय बारा महिने पूर्ण झाल्यावर, वही समोर ठेवून, तुमच्या डॉक्टरांबरोबर घ्या. वर्षभरात काहीच फरक नसेल तर पुढे ओढण्यात अर्थ नाही, आणि मग ॲलर्जी तीच होती का, मात्रा पुरेशी होती का, हे विचारायचं. फरक असेल तर किमान तीन वर्षं पूर्ण करा. मध्येच सोडलं तर मिळालेला गुण टिकत नाही. आणि घरच्यांना हेही सांगा, की इंजेक्शन पुढे ढकलायचं खरं कारण वेगळं असतं: त्या दिवशी मुलाला धाप लागत असेल, ताप असेल किंवा पीक फ्लो घसरला असेल तर टोचण्याआधी सांगायचं. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, शेवटची बस निघाली तरी.

रक्त परत तपासायचं तर जंताचं औषध होऊन दोन महिन्यांनी, पहिल्या वेळच्याच लॅबमध्ये, यंत्रावर, सकाळी ठरावीक वेळी, आणि त्याआधी निदान चार आठवडे स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन झालेलं नसताना. शिंकांच्या साध्या गोळीने या आकड्यात फरक पडत नाही, ती बंद करायची गरज नाही. रिपोर्टाच्या कोपऱ्यात वेळ, चालू औषधं आणि त्या आठवड्यातली तब्येत पेनने लिहून ठेवा. संडासच्या तपासणीचा निकाल आणि ॲस्परजिलसचा आकडा आला की कळवा. हुकवर्म निघाला तर घरातल्या सगळ्यांनाच गोळी लागेल आणि आजोबांचं हिमोग्लोबिनही तपासावं लागेल.